अनेक शहरांच्या प्रदेशात कसे पोहोचावे: आधी मुक्काम, मग तिकीट

लंडन, टोकियो, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरचा बाझल-म्युलुझ-फ्रायबर्गचा त्रिदेशीय पट्टा. अशा ठिकाणी प्रदेशाचं नाव एक असतं, पण शहरं आणि विमानतळ अनेक. बहुतेक जण सर्वांत स्वस्त भाडं दिसेल ते तिकीट काढतात आणि वाचलेले पैसे विमानतळावरून शहरात पोहोचण्यात घालवतात. क्रम उलटा ठेवला, तर हा घोळ बराचसा टळतो.

१. पहिली आणि शेवटची रात्र ठरवा

बाकीचा कार्यक्रम कच्चा असला तरी चालेल. पहिली रात्र कुठे आणि शेवटची कुठे, एवढं मात्र पक्कं हवं. दोन्ही शहरं वेगळी असतील तर बुकिंगच्या पानावर ‘मल्टी-सिटी’चा पर्याय निवडा, म्हणजे एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतता येतं. लांबच्या प्रवासात दोन सुटी एकेरी तिकिटं पुष्कळदा यापेक्षा महाग पडतात, म्हणून दोन्ही भाव बघा. एकाच तिकिटावरचा पहिला टप्पा मनाने गाळू नका. विमान कंपन्या सहसा पुढचे सगळे टप्पे रद्द करतात.

शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) फिरणार असाल तर रात्रींची ही यादी व्हिसालाही लागते. जिथे सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखाच असेल तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे.

२. विमानतळाचं नाव नव्हे, नकाशा बघा

नावात शहर असलं म्हणजे विमानतळ शहरात असतोच असं नाही. फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे सुमारे ८५ किलोमीटरवर. टोकियोचा हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता साधारण ६० किलोमीटर लांब. बे एरियात सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होझे असे तीन पर्याय मिळतात. सॅन होझेला काम असताना नुसत्या नावाच्या ओढीने सॅन फ्रान्सिस्कोला उतरण्यात काही हशील नाही. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन खंडांत आहेत: एक युरोपच्या बाजूला, दुसरा आशियाच्या.

शोधताना शहराचा कोड टाकला, म्हणजे लंडनसाठी ‘एलओएन’, की सगळे विमानतळ एकत्र दिसतात. सोय चांगली आहे, पण एक धोका लक्षात ठेवा: हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून, असाही जोड समोर येतो. त्यात दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान स्वतः उचलून न्यायचं आणि विमान चुकलं तर भुर्दंडही आपलाच.

बाझलचं उदाहरण जरा नीट बघण्यासारखं आहे. हा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे, पण स्वित्झर्लंड आणि फ्रान्स मिळून तो चालवतात. बाहेर पडण्याच्या वाटा दोन: एक स्विस बाजूची, दुसरी फ्रेंच. बाझलच्या मुख्य स्टेशनची बस स्विस बाजूने सुटते. भाड्याची गाडी बुक करतानाही बाजू कोणती ते आधी वाचा. स्विस महामार्गांवर वार्षिक टोलचा स्टिकर किंवा त्याची डिजिटल नोंद लागते आणि फ्रेंच बाजूने घेतलेल्या गाडीला ती असेलच असं धरून चालू नये.

३. गाडी घ्यायची तर शहराबाहेरून

एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली तर बहुतेक कंपन्या वेगळं शुल्क लावतात. देश बदलला तर ते डोळे पांढरे करणारं असू शकतं. शिवाय मध्यवर्ती भागाचे आपापले नियम असतात. इटलीतल्या जुन्या पेठांत प्रवेशाच्या परवानगीशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड भाड्याच्या कंपनीमार्फत महिन्यांनंतर येतो. लंडनमध्ये २००३ पासून गर्दी-शुल्क आहे. म्हणून शहरं रेल्वेने किंवा बसने करावीत आणि गाडी फक्त मधल्या ग्रामीण भागापुरती घ्यावी, असं माझं मत.

गाडी चालवण्याच्या परवान्याचंही बघून ठेवा. जपानमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच चालतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला चालत नाही.

४. बस: थांबा कुठला, तारीख कुठली

दोनेकशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला बस पुष्कळदा विमानाला भारी पडते, कारण विमानतळावर जाण्यायेण्याचा आणि तपासणीचा वेळ वाचतो. मात्र तिकिटावर थांब्याचं पूर्ण नाव वाचा. मेक्सिको सिटीत चारही दिशांना चार मोठी बस टर्मिनलं आहेत आणि सहसा जायच्या दिशेवरून टर्मिनल ठरतं. चुकीच्या टर्मिनलवर गेलात तर सगळं शहर ओलांडावं लागेल.

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांत तारीख हमखास फसवते. शनिवारी रात्री निघायचं म्हणून शनिवारचं १२.१५ चं तिकीट काढलं, तर ती बस शुक्रवारच्या रात्रीच निघून गेलेली असते. सीमा ओलांडणारी बस असेल तर पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका. तपासणीला अधिकारी आत चढतात आणि डिकी उघडून बॅगा उपसेपर्यंत सगळी बस खोळंबते.