गेरला फिल्टर चढवा, सराफ्यात उतरवा

रंगपंचमीला कॅमेरा घेऊन राजवाड्याकडे निघालात की इंदुरात कुणीतरी विचारतंच, "फिल्टर लावलाय ना?" फिल्टर म्हणजे लेन्सपुढे फिरवून बसवायची काच. प्रश्न रास्त आहे. गेरमध्ये, म्हणजे त्या दिवशीच्या रंगांच्या मिरवणुकीत, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे सुटतात आणि गुलाल राजवाड्याच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडतो. तिथे उघडी लेन्स न्यायची म्हणजे हट्टच. पण तोच फिल्टर वर्षभर लेन्सला चिकटवून ठेवणं मला पटत नाही. तो रेनकोटासारखा वापरावा.

आधी खरेदी. 'यूव्ही' या शब्दावर भाळू नका. फिल्मच्या काळात अतिनील किरणांमुळे दूरचं दृश्य निळसर, धुरकट यायचं, तेव्हा त्याचा उपयोग होता. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरपुढची काच ते काम बरंचसं करून टाकते. आता उरतं ते नुसतं संरक्षण, म्हणून यूव्ही घ्या की साधा प्रोटेक्टर, बघायचं एकच: मल्टिकोटिंग, म्हणजे काचेवरून प्रकाश परतणं कमी करणारे पातळ थर, आहे का. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्के. हाच परतलेला प्रकाश पुढे त्रास देतो.

माप लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला असतं, तिरकी रेघ मारलेल्या गोलापुढे: ५२, ५८, ६७, ७७ असा आकडा. '५० मिमी लेन्स' म्हणून ५०चा फिल्टर मागू नका. ते फोकल लेंग्थचं माप, त्याचा इथे संबंध नाही.

चढवताना लेन्स आणि फिल्टरच्या दोन्ही बाजू ब्लोअरने (हाताने दाबायच्या हवेच्या फुग्याने) झटका. फिल्टर सपाट टेकवून आधी थोडा उलटा फिरवा. आटे जुळले की बोटांना हलकी 'टक' जाणवते. मग सरळ फिरवा आणि टेकला की थांबा. आवळायचा नाही. वर हूड, म्हणजे लेन्सपुढे बसणारी नळीसारखी कड, लावा. धक्क्यापासून फिल्टरपेक्षा हूडच जास्त वाचवतो, कारण मार आधी त्याच्या कडेवर बसतो. जोराच्या आघाताने फिल्टर फुटला तर त्याचे तुकडे पुढच्या काचेवर चरेही पाडू शकतात.

गर्दीत लेन्स बदलू नका आणि गुलाल बसला तर पुसू नका. रुमालाने पुसलात की त्यातले खडे काचेवर घासले जातात. घरी येऊन ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी ओलसर मायक्रोफायबर.

फिल्टरही त्याच दिवशी काढा. एका वर्षी मी दमून तसाच झोपलो. सकाळी आट्यांत रंग वाळून फिल्टर जाम. जितका मुठीत दाबला तितका अडकला, कारण दाबाने पातळ रिंग किंचित वाकते आणि आटे अधिकच धरतात. शेवटी आईने भाजीच्या जुडीचं रुंद रबर दिलं. ते कडेभोवती गुंडाळलं, बोटं सगळीकडून सारखी ठेवली, हलक्या हाताने फिरवलं आणि सुटला!

आता सराफा, म्हणजे इंदूरचा दागिन्यांचा बाजार. रात्री दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या लागतात. प्रत्येकीवर झगझगीत बल्ब, भोवती अंधार. इथे सेन्सरवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आदळून पुन्हा आत येतो आणि फोटोत खऱ्या बल्बच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात त्याचं फिकट, उलटं भूत उमटतं. घरीच पडताळा: अंधाऱ्या खोलीत एक बल्ब चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात घेऊन फिल्टरसह एक आणि फिल्टरविना एक फोटो काढा. भूत दिसलं तर सराफ्यात पोचताच फिल्टर उतरवून डबीत ठेवा.

आणि हे जिलेबी खाण्याआधी उरका. पाकाचा ठसा कोरड्या कपड्याने निघत नाही, नुसता पसरतो.