पत्ररूप कादंबरी लिहिताय? मग या चुका टाळा

पत्ररूप कादंबरी सोपी असते, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. निवेदक नको, वर्णनं नकोत, ‘प्रिय अमुक’ लिहिलं की झाली सुरू! नवखे लेखक या प्रकाराकडे वळतात ते बहुतेकदा कष्ट वाचवायला, आणि कथानक जरा गुंतलं की तिथेच बसतात. मराठीत वामन मल्हार जोशींनी 1934 मध्ये ‘इंदू काळे व सरला भोळे’ पत्रांतून लिहिली, म्हणजे हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पण लिहायला घेणाऱ्यांनी तो वाचलेला असतो असं मात्र हस्तलिखितांवरून वाटत नाही.

वाचकाला यात गोडी असते ती दुसऱ्याचं पत्र वाचण्याची. पत्र त्याच्यासाठी नाही. त्यात निम्मं सांगितलेलंच नाही, ते त्याने जुळवायचं. हे लेखकाच्या डोक्यातून निसटलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

‘तुला ठाऊकच आहे की...’

ही चूक इतक्या वेळा दिसते की पहिल्या पत्रातच तिची वाट बघायची सवय लागते. समजा, 1968 साल आहे. रत्नागिरीजवळच्या गावातली मुलगी सासरी गेलेल्या बहिणीला लिहिते:

‘प्रिय सुमन, तुला ठाऊकच आहे की आपले वडील गेली सोळा वर्षं परळच्या गिरणीत साच्यावर काम करतात आणि दर महिन्याला मनिऑर्डर पाठवतात. आई एकटीने शेती बघते.’

सुमनला ठाऊक आहे ना? मग सांगतेस कुणाला? हे पत्र सुमनला नाही, वाचकाला लिहिलंय, आणि वाचकाला ते लगेच कळतं. आता तीच माहिती अशी बघा:

‘वडिलांची मनिऑर्डर काल आली. या खेपेला कूपनावर एक अक्षर नाही. आईने कूपन उलटून पाहिलं, मग म्हणाली, ओव्हरटाइम असेल. पोस्टमन गेल्यावर परत उलटून पाहिलं.’

वडील लांब आहेत, पैसे पाठवतात, एरवी चार ओळी लिहितात, आई काळजीत आहे, सगळं आलं. मनिऑर्डरच्या फॉर्मवर निरोपापुरती जागा असायची, तो तुकडा पैशांसोबत हातात मिळायचा. तो कोरा येणं हीच बातमी. साल आणि गिरणी पुढे कधीतरी सहज येतील. पहिल्या तीन पत्रांत वाचकाला थोडं चाचपडू द्या, तो पळून जात नाही.

उपाय? प्रत्येक पत्र लिहून झालं की पत्र घेणाऱ्याला आधीच माहीत असलेली वाक्यं पेन्सिलीने खोडायची. मग जे खरंच हवं आहे ते भांडणातून, तक्रारीतून किंवा प्रश्नातून परत आत आणायचं. ‘बाबा सोळा वर्षं तिथे घासतात आणि तू दोनशे रुपयांसाठी त्यांना बोलतेस?’ हे चालतं, कारण भांडताना माणूस माहीत असलेलंच ऐकवतो.

टपालाला लागणारे दिवस विसरणं

दुसरी आवडती चूक. नायक सोमवारी मुंबईहून लिहितो, मंगळवारी कोकणातून उत्तर! तेव्हाचं टपाल एसटीने जायचं, फाट्यावर उतरायचं, मग पोस्टमन पायी. चार दिवस धरा, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे 3 तारखेचं पत्र 7 ला पोचलं, 8 ला उत्तर टाकलं, ते 12 ला मिळालं. मधल्या नऊ दिवसांत नायक गप्प बसणार का? तो 9 ला चिडून दुसरं पत्र टाकतो. ते 13 ला तिकडे पोचतं, तेव्हा तिचं गोड उत्तर त्याच्या हातात पडून एक दिवस झालाय. अशी वाटेत एकमेकांना ओलांडणारी पत्रं हा या प्रकारातला हुकमी डाव आहे. संगणकाच्या जोरावर दुसऱ्या दिवशी उत्तर पोचवणारे लेखक तो फुकट घालवतात.

एक तक्ता करा. चार रकाने: पत्र लिहिलं कधी, टाकलं कधी, पोचलं कधी, वाचलं कधी. शेवटचे दोन वेगळे ठेवायचे. सासऱ्यांनी पत्र कोटाच्या खिशात ठेवलं की त्यांत आठवडा पडतो. असा तक्ता न करता लिहिणाऱ्याचा गोंधळ नंतर संपादकही सोडवू शकत नाही, कारण एक तारीख हलवली की पुढच्या दहा हलतात.

तारखेत किती नाट्य असतं ते ब्रॅम स्टोकरच्या 1897 मधल्या ‘ड्रॅक्युला’त बघा. मे महिन्यात काउंट ड्रॅक्युला आपल्या कैदी पाहुण्याकडून घरच्यांसाठी तीन पत्रं आधीच लिहून घेतो: काम संपत आलं, उद्या निघतो, गड सोडून गावात पोचलो. त्यांवर 12 जून, 19 जून आणि 29 जून या तारखा घालायला लावतो. आपण किती दिवस जगणार हे पाहुण्याला त्या तारखांवरून कळतं. रक्त नाही, सुळे नाहीत, नुसत्या तीन तारखा. आणि आपल्याकडच्या हस्तलिखितात वर ‘दिनांक’ लिहून पुढे टिंबं टिंबं.

सगळ्यांना एकाच आवाजात लिहिणं

माणूस आईला एक लिहितो, मित्राला दुसरं, साहेबाला तिसरं. लाक्लोच्या 1782 मधल्या फ्रेंच कादंबरीत 175 पत्रं आहेत. त्यातला व्हाल्मों एका सद्वर्तनी बाईला तळमळीचं प्रेमपत्र लिहितो. ते पत्र त्याने दुसऱ्याच बाईच्या शय्येवर, तिच्या पाठीचं मेज करून लिहिलंय, हे आपल्याला ठाऊक असतं, कारण लगेच आधीचं पत्र त्याने आपल्या कारस्थानी मैत्रिणीला लिहिलेलं आहे. मग प्रेमपत्रातल्या प्रत्येक वाक्याला दोन अर्थ येतात. वर तो मैत्रिणीला सांगतो की पत्रावर पॅरिसचा शिक्का हवा, म्हणून उघडंच पाठवतोय, वाच, बंद कर आणि पोस्टात टाक. शिक्क्यापर्यंतचा विचार केलाय बघा.

माझी सवय: एकच घटना त्याच पात्राकडून दोघांना लिहून घ्यायची, छापायची एकच. दोन्ही पत्रं सारखी उतरली तर ते पात्र अजून तयार नाही.

मायन्यातही हे दिसायला हवं. वडिलांना ‘ती. बाबांस शि. सा. न.’ (शिरसाष्टांग नमस्कार), धाकट्याला ‘चि.’ आणि शेवटी ‘अ. उ. आ.’ (अनेक उत्तम आशीर्वाद). 1930 च्या एकत्र कुटुंबातली सून नवऱ्याला ‘प्रिय रमेश’ लिहीत नसे. नाव टाळूनच लिही, आणि पत्र सासऱ्यांच्या हातून जाणार हे धरून लिही. लिहिता न येणारी आई शेजारच्या शाळकरी पोराकडून पत्र लिहून घेते, तेव्हा त्या पोरासमोर काय बोलता येणार नाही, तेही पत्रात असतं. याचा उपयोग फार थोडे लेखक करतात.

कागदाची चूक

प्रेमपत्र पोस्टकार्डावर? ते पोस्टमनपासून अख्ख्या वाड्याने वाचलेलं असतं. आंतर्देशीय पत्रातून फोटो पाठवू नका, आत काही घालू नये असं त्यावर छापलेलंच असे. फोटोला पाकीट लागतं. आंतर्देशीयावर जागा मोजकी, म्हणून खरी गोष्ट पुष्कळदा कडेला आडव्या ओळीत येते.

अशुभ वार्तेच्या कार्डावर ‘श्री’ नसे, कोपरा फाडलेला असे आणि बहुतेक घरांत वाचून झाल्यावर ते फाडून टाकत. तेव्हा आजोबा गेल्याचं कार्ड तीस वर्षांनी नायिकेच्या ट्रंकेत सापडवू नका.

बाकीच्या फुटकळ चुका:

- 15 ऑगस्ट 1972 पूर्वीच्या पत्त्यात पिनकोड.
- 1 एप्रिल 1957 पूर्वी पैशातलं तिकीट. तेव्हा आणे होते.
- डिसेंबर 1961 पूर्वी गोव्याहून आलेल्या पत्रावर भारताचं तिकीट. तिथे पोर्तुगीज टपाल होतं.
- लांबलचक तार. शब्दाला पैसे पडत आणि मजकूर बहुधा इंग्रजीत: ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’. जुलै 2013 नंतर तर तारच नाही.
- पानभर संवाद अवतरणचिन्हांसह. एवढं कुणाला आठवतं?
- ‘दार वाजतंय, तो आत येतोय, मी लिहितेच आहे...’ याची टिंगल इंग्रज कादंबरीकार हेन्री फील्डिंगने 1741 मध्येच करून ठेवली आहे. पुरे.

पत्रं गोळा कुणी केली?

समजा, सदू आणि सुमन एकमेकांना लिहितात. सदूची पत्रं सुमनच्या घरी, सुमनची सदूकडे. दोन्ही एका पुस्तकात आली कशी? लेखक म्हणतात, वाचक विचारत नाही. पण विचारलंत तर शेवट मिळतो. ‘ड्रॅक्युला’त त्या पाहुण्याची बायको मीना सगळे कागद टंकलेखनयंत्रावर उतरवते, प्रती काढते, काउंट मूळ कागद जाळतो तरी तिजोरीत एक प्रत उरते, म्हणून पुढचा पाठलाग होतो. ग्योटेच्या 1774 मधल्या ‘वेर्थर’मध्ये पत्रं लिहिणाराच मरतो, म्हणून शेवटी ‘संपादक’ पुढे येऊन उरलेलं सांगतो.

तुमच्या कादंबरीत पत्रं कुणी जपली, कुणी जाळली आणि कुठलं कधी टाकलंच नाही, हे तक्त्यात पाचवा रकाना करून लिहा. मग जळालेली पत्रं हस्तलिखितातून खरोखर काढून टाका आणि उरलेलं एखाद्या तिऱ्हाइताला वाचायला द्या. तो नेमका कुठे थांबून ‘इथे काय झालं?’ विचारतो, ती जागा खुणेने दाखवायला सांगा. दुरुस्तीला बसायचं ते तिथून.