ईबस तपासणीचे कोडिंग कसे करावे

अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींचे कोडिंग करताना, म्हणजे निदान व प्रक्रियांना ठरावीक संकेतांक देताना, एन्डोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंड, म्हणजेच ईबस (दुर्बीण व ध्वनिलहरींच्या साहाय्याने होणारी छातीची तपासणी), समोर आली की प्रथम प्रक्रियेचा संपूर्ण अहवाल वाचावा; केवळ शीर्षकावर विसंबून सीपीटी कोड (वैद्यकीय प्रक्रियांचा अमेरिकी संकेतांक) देऊ नये. दुर्बीण श्वासनलिकेतून आत जाते आणि नमुना छातीच्या मध्यभागातील किंवा फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिकाग्रंथींतून घेतला जातो, तरीही कोड श्वसनसंस्थेच्या विभागातलाच लागतो.

येथे मोजायची ती स्थानके, म्हणजे छातीतील लसिकाग्रंथींच्या क्रमांक दिलेल्या जागा. सुई किती वेळा टोचली हे नव्हे. एक किंवा दोन स्थानकांतून नमुना घेतला असल्यास ३१६५२, तीन किंवा अधिक असल्यास ३१६५३. अहवालात ४आर स्थानकात चार वेळा आणि ७ मध्ये तीन वेळा सुई घातल्याचे लिहिले असेल, तर स्थानके दोनच भरतात आणि कोड ३१६५२ राहतो. निदानात्मक ब्रॉन्कोस्कोपीचा (दुर्बिणीने श्वासनलिका तपासण्याचा) कोड ३१६२२ त्यातच समाविष्ट असल्याने वेगळा लावू नये.

निदानाच्या बाबतीत अधिक संयम हवा; हे कोड आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या वेगळ्या यादीतून येतात. बाह्यरुग्ण नोंदीत ‘कर्करोगाची शक्यता’ एवढेच असेल, तर कर्करोगाचा कोड देता येत नाही. एखाद्या भागातील ग्रंथी वाढल्याची नोंद असल्यास आर५९.० द्यावा, कारण चुकीने लावलेला कर्करोगाचा कोड रुग्णाच्या कागदपत्रांत राहतो आणि त्याचा त्रास त्यालाच होतो. कोडिंगच्या वेळी पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल उपलब्ध असून त्यात फुप्फुसाचा कर्करोग छातीतील ग्रंथींत पसरल्याचे निश्चित झाले असेल, तरच सी३४ गटातील नेमक्या कोडसोबत सी७७.१ लावावा.