हॉटफिक्स: ताडपत्री कुठे चालते, कुठे नाही

हॉटफिक्स म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये घाईने केलेली दुरुस्ती; ताडपत्री किंवा ठिगळ म्हणजे त्यातली वरवरची, तात्पुरती. सीझनमध्ये आपलं बिलिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कळंगुटच्या हॉटेलमधून फोन येतो: रात्री १२ नंतर फाडलेली बिलं आदल्या तारखेला पडतायत. कारण साधं आहे. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणून पहाटे ५:३० पर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. १ जानेवारीच्या पहाटेची बिलं डिसेंबरच्या जीएसटीत जातात.

हात शिवशिवतात ते बिलाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे छपाईच्या साच्यात, ३३० मिनिटं मिळवायला. बिल बरोबर छापलं जातं, पण रिपोर्ट थेट डेटाबेसच्या टेबलवरून निघतो, तो चुकीचाच राहतो. पुढे कोणी सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलं, की संध्याकाळी ६:३० पासूनच्या बिलांवर उद्याची तारीख. डेटाबेसमध्ये यूटीसीच ठेवा, भारतीय वेळ एकाच फंक्शनमध्ये काढा आणि बिल, रिपोर्ट दोघांनाही तेच वापरू द्या. टेस्ट दोनच: यूटीसी ३१ डिसेंबर १८:२९ म्हणजे ३१ तारीख, १८:३० म्हणजे १ जानेवारी.

पैसे, कर, लॉगिन आणि साठवलेला डेटा इथे ताडपत्री घालू नका. नीट दुरुस्तीला वेळ नसेल तर बिघडलेली सोय तात्पुरती बंद ठेवलेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोडमधला १२ खोडून ५ लिहिलात, तर जुनं बिल पुन्हा छापताना कर बदलतो. दर टेबलमध्ये हवा, 'लागू तारीख' या रकान्यासकट.

बटण सरकलं, ईमेलातला मजकूर चुकला, तर खुशाल ठिगळ लावा. ब्रँच (कोडची वेगळी शाखा) मात्र लाइव्ह असलेल्या टॅगवरून, म्हणजे ग्राहकाकडे चालू असलेल्या आवृत्तीवरून काढा. मेनवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, अर्धवट कामं पडलेली असतात. एका कमिटमध्ये (कोडच्या एका नोंदवलेल्या बदलात) एकच दुरुस्ती, म्हणजे बिघडलं तर गिट रिव्हर्ट, म्हणजे बदल मागे घेणारी आज्ञा, एकदाच मारायचा. आधी नापास होणारी टेस्ट लिहा, मग कोड. दुसऱ्या कोणाला तरी दहा मिनिटं डिफ (बदललेल्या ओळी) दाखवा. काम झाल्यावर हॉटफिक्स मेनमध्ये मर्ज करा. हे विसरल्यामुळेच पुढच्या रिलीजला तोच बग परत येतो.

ठिगळाच्या तिकिटावर (कामाच्या नोंदीवर) ते ठिगळ कोण काढून टाकणार त्याचं नाव आणि तारीख हवी. 'सीझननंतर' ही तारीख नव्हे. एप्रिलचा दुसरा सोमवार लिहा.

चुकीच्या तारखा आधीच साठल्या असतील, तर बॅकअप घ्या, सिलेक्ट क्वेरीने चुकीच्या ओळी मोजा, ट्रान्झॅक्शनमध्ये (पक्का करेपर्यंत मागे घेता येणाऱ्या बदलात) अपडेट करा आणि आकडा जुळला तरच कमिट करा, म्हणजे बदल पक्का करा. ग्राहकाच्या हाती गेलेल्या बिलांना अकाउंटंटला विचारल्याशिवाय हात लावू नका.