‘सांभाळून घेतो’ याचा भरवसा किती? धोका ओळखावा कसा आणि पुढे काय करावे

कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनात ‘सध्या काय वापरता?’ असे विचारले की उत्तर बहुतेकदा दबक्या आवाजात येते : ‘काही नाही, हे सांभाळून घेतात.’ सांभाळून घेणे म्हणजे वीर्यपतन होण्याआधी पुरुषाने बाहेर येणे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही हे उत्तर देताना बायकांची मान खाली जाते आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो प्रश्न असा, की या सांभाळण्यावर किती विसंबायचे?

अमेरिकेत दीर्घकाळ गोळा झालेल्या माहितीवरून जे अंदाज मांडले जातात ते असे आहेत. कोणतेही साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणींना वर्षभरात दिवस राहतात. फक्त बाहेर येण्यावर अवलंबून असलेल्या १०० जोडप्यांत ही संख्या सुमारे २० असते, आणि प्रत्येक वेळी एकही चूक न होता ही पद्धत पाळली गेली तर ४. कंडोमसाठी हेच आकडे अनुक्रमे १३ आणि २ आहेत, तर तांबीसाठी वर्षाला १ पेक्षाही कमी. म्हणजे ही पद्धत अगदीच निरुपयोगी नाही. मात्र पाच जोडप्यांमागे एकीला वर्षभरात नको असताना दिवस राहत असतील, तर तिला भरवशाची म्हणता येणार नाही. ४ आणि २० यांच्यातली दरी कशाने पडते, हे समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पहिले कारण वेळेचे. ज्या क्षणी पुरुषाचे स्वतःवरचे नियंत्रण सर्वांत कमी असते, नेमका त्याच क्षणी त्याने अचूक निर्णय घ्यावा, अशी या पद्धतीची मागणी असते. आणि दारू घेतलेली असेल, शीघ्रपतनाचा त्रास असेल किंवा अनुभवच थोडा असेल, तर ती मागणी पुरी होत नाही. निरोगी पुरुषाच्या वीर्यात दर मिलिलिटरला साधारणपणे दीड कोटींहून अधिक शुक्राणू असतात, त्यामुळे ‘थोडेसेच आत गेले’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. दुसरे कारण वीर्यपतनाआधी येणाऱ्या चिकट पाण्याचे. हे पाणी वेगळ्या ग्रंथींमधून येते आणि त्यात मुळात शुक्राणू नसतात, पण काही पुरुषांच्या या पाण्यात जिवंत शुक्राणू सापडलेले आहेत. आपला पुरुष त्यांपैकी आहे की नाही, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. तिसरे कारण जागेचे : बाहेर आल्यावर वीर्य योनीच्या तोंडाशी सांडले, तरी तेथून शुक्राणू आत शिरू शकतात. कपड्यावर वाळलेल्या डागाने मात्र दिवस राहत नाहीत, तेव्हा ती भीती बाळगू नये.

एवढे कळूनही काही काळ हीच पद्धत वापरावी लागणार असेल, तर निदान ती नीट वापरावी. संबंधापूर्वी पुरुषाने लघवी करून स्वच्छ व्हावे. ‘आता होईल’ असे वाटण्याची वाट न पाहता त्याआधीच बाहेर यावे आणि वीर्य मांड्यांपासून व योनीपासून दूर पडेल याची काळजी घ्यावी. थोड्या वेळाने पुन्हा संबंध येणार असेल, तर मधल्या वेळात पुन्हा लघवी करून अंग व हात धुवावेत, कारण आधीच्या वेळचे शुक्राणू मूत्रमार्गात राहिलेले असू शकतात. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून ही पद्धत संरक्षण देत नाही. तेथे कंडोमच हवा.

धोका कोणत्या दिवसांत जास्त, हे पाहण्यासाठी भिंतीवरचे कालनिर्णय पुरते. पाळी आली त्या तारखेभोवती पेनाने गोल करावा. समजा, पाळी ३ मे रोजी सुरू झाली आणि चक्र नेहमी २८ दिवसांचे आहे. तर पुढची पाळी ३१ मेच्या आसपास येईल. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे १७ मेच्या सुमारास बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून १२ ते १८ मे हे दिवस जोखमीचे. आता हेच चक्र कधी २६ तर कधी ३२ दिवसांचे होत असेल, तर बीज १५ ते २१ मे यांपैकी कधीही सुटू शकते आणि जोखमीचे दिवस १० ते २२ मे असे पसरतात. अनेकींच्या बाबतीत हिशोब असाच पसरतो. म्हणून ‘सुरक्षित दिवस’ या शब्दावर विसंबू नये, जोखमीच्या दिवसांत सरळ कंडोम वापरावा. बाळ अंगावर पीत आहे आणि पाळी आलेली नाही, म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला फक्त आईचेच दूध रात्रंदिवस चालू असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, तरच त्या समजुतीत तथ्य आहे; यांतले एक जरी बदलले तरी पाळी येण्याआधीच बीज सुटून दिवस राहू शकतात.

बाहेर येणे साधले नाही, तर रात्रभर काळजी करत बसण्यापेक्षा घड्याळ पाहावे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर, तितकी परिणामकारक. औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळते, आणि आशाताईंकडेही असते. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयाची रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधे चालू असतील, तर या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. ही गोळी बीज सुटणे लांबवते. ते आधीच सुटले असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि राहिलेला गर्भही तिने पडत नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे हा याहून खात्रीचा उपाय आहे आणि पुढची दहा वर्षे वेगळी चिंताही राहत नाही. एक मात्र पक्के लक्षात ठेवावे : गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला, तर त्यासाठी तिचे संरक्षण नसते.

पाळी ठरल्या दिवशी आली नाही, किंवा त्या संबंधाला तीन आठवडे झाले, की सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. ‘निश्चय’ नावाचे चाचणी-कीट आशाताईंकडे मिळते. दुसरी रेघ फिकट दिसली तरी ती रेघच धरावी. रेघ एकच आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. पोटात एका बाजूला तीव्र कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर चाचणीची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दिवस राहिलेच आणि नको असतील, तर दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नयेत. साधन निकामी ठरून राहिलेला गर्भ २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीरपणे काढता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी लग्न झालेले असण्याची अट नाही, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

यापुढे काय वापरायचे, हे दोघांनी मिळून ठरवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात निरोध, ‘माला-एन’ गोळ्या, तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी मोफत मिळते. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. मुले हवी तेवढी झाली असतील, तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची आहे. तरी देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींची शस्त्रक्रिया झालेली होती आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. इतकी वर्षे ‘मी सांभाळून घेतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याने हा पर्याय तरी आधी विचारात घ्यावा. मात्र नसबंदीच्या दिवसापासूनच निर्धास्त होऊ नये : नळीत उरलेले शुक्राणू निघून जायला सुमारे तीन महिने लागतात, आणि वीर्य तपासून ते नाहीत असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत निरोध वापरावाच लागतो.