पित्त एक, रिसेप्टर दोन

आमच्या आजीकडे एकच शब्द होता: पित्त. मिसळीचा कट जास्त झाला नि छातीत जळजळलं, पित्त. अंगावर लालभडक गांधी उठल्या, तरी पित्तच. एमएस्सीला हिस्टामीन शिकताना तिची आठवण झाली, कारण दोन्हीकडे हाच रेणू हजर असतो. फरक रिसेप्टरचा, म्हणजे रेणूची हाक ऐकणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाचा: गांधी उठतात त्या मुख्यतः एच१ रिसेप्टरमुळे, जठरात आम्ल सुटतं ते एच२मुळे. म्हणून एच१ अडवणाऱ्या सेटिरिझिनने, म्हणजे ॲलर्जीच्या गोळीने, ॲसिडिटी जात नाही.

कोल्हापुरात बीएस्सी-एमएस्सी करणारी पोरं विचारतात, रिसेप्टरवर काम करायचं तर सुरुवात कुठून करू? मी म्हणतो, जेम्स ब्लॅक या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञापासून. जुन्या अँटिहिस्टामीन गोळ्यांनी आम्ल थांबत नाही, मग दुसरा रिसेप्टर असणारच, हा त्यांचा तर्क. १९७२ मध्ये त्यांनी तो औषधं वापरून सिद्ध केला, त्यातूनच सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारं औषध आलं आणि १९८८ मध्ये नोबेल. एच२चा जीन हाती लागला थेट १९९१ मध्ये! दिसत नसलेली गोष्ट ओळखायची कशी, हे त्यातून कळतं. एच३ प्रामुख्याने मेंदूत, एच४ रोगप्रतिकारक पेशींवर. तेवढं सध्या पुरे.

आता लॅब. पहिले चार-सहा महिने फक्त पेशी सांभाळायला शिका. हेला पेशींवर (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्कपेशी) एच१ मुळातच असतो, बाहेरून जीन घालावा लागत नाही, त्यामुळे नवख्याला त्या बऱ्या. आमचा पहिला फ्लास्क पुण्याहून आला तेव्हा नवी नवरी घरात आल्यासारखं झालं होतं. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ठरल्या दिवशी तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला ट्रिप्सिन. आणि आपला पाऊस! जुलैत हुडबाहेर (निर्जंतुक हवेच्या कपाटाबाहेर) झाकण क्षणभर जरी उघडं राहिलं, तरी चार दिवसांत फ्लास्कमध्ये बुरशीचे कापसासारखे पुंजके. शिवाय वीज जाते ती वेगळीच. सुरुवातीच्या पेशींच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवा, जमल्यास दोन वेगळ्या ठिकाणी.

प्रयोग दिसायला सोपा. पेशींत फ्लुओ-४ हा कॅल्शियम मिळालं की चमकणारा रंग भरायचा, हिस्टामीन घालायचं; एच१ पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडवतो आणि काही सेकंदांत पेशी उजळतात. पहिल्यांदा ते पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी शहाणपणा केला. रंग महाग, म्हणून एकाच डिशमध्ये कमी मात्रेपासून जास्तीपर्यंत हिस्टामीन घालत गेलो. पहिल्या दोन मात्रांना उजेड, चौथीला काहीच नाही. हिस्टामीन खराब झालं म्हणून नवी बाटली मागवली, दोन आठवडे गेले, तेच. शेवटी एका सीनियर दीदीने विचारलं, ‘डिश तीच वापरतोस होय रे?’ रिसेप्टरला वारंवार हाक मारली की तो बधिर होतो: त्यावर फॉस्फेट चढतात, प्रतिसाद मंदावतो. प्रत्येक मात्रेला नव्या पेशी, एवढंच उत्तर होतं. रंगाची बचत मला दोन आठवड्यांना पडली.

तेव्हापासून दोन गोष्टी कधी टाळत नाही. एक, हिस्टामीनशिवाय नुसतं बफर (ज्यात ते विरघळवतो ते द्रावण) घालून पाहायचं, कारण पिपेटच्या झोतानेही पेशी उजळू शकतात. दुसरी, आधी मेपिरामीन हे जुनं अँटिहिस्टामीन देऊन एच१ अडवायचा. तरीही उजेड आला तर तो एच१चा नाही, कितीही सुंदर दिसो. आणि हिस्टामीनचं दाट द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच तपासा.

पैशाचं स्पष्ट बोलतो. फेलोशिपशिवाय पीएचडीत उतरू नये, हे माझं मत. नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. गाईडला मेल टाकताना ‘सर, संधी द्या’ लिहू नका. त्यांचा एक पेपर वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल प्रश्न विचारा. मराठी माध्यमाची भीती मलाही होती. पेपर वाचता वाचता ती वर्षभरात जाते, बोलण्यातली थोडी उरते.

घरी अजून आईच्या अंगावर गांधी उठल्या की ती आमसूल भिजवते आणि मी सेटिरिझिन पुढे करतो. ती दोन्ही घेते. कशाने उतरलं ते काही ठरवता येत नाही.