पूल खेळायचा जुना क्यू घेताना आधी सांधे बघा

न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या एका गराज सेलमध्ये गवत कापायचं यंत्र आणि प्लॅस्टिकचं नाताळचं झाड यांच्या मधे एक क्यू, म्हणजे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात बॉल मारायची काठी, उभी होती. किंमत १५ डॉलर. बुडाकडचं लाकूड गडद तपकिरी, त्यातून चार टोकदार पट्टे, म्हणजे भाले, मेपलच्या फिकट लाकडात घुसलेले आणि प्रत्येक भाल्याला रंगीत कडा. आवडली म्हणून घेतली. घरी आणून शनिवारची दुपार खर्ची घातली आणि पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. बुडाजवळ काही पुसट अक्षरं होती, तीही घासली गेली. महिन्याभराने पूल हॉलमधल्या एका म्हाताऱ्याने ती हातात घेऊन फिरवली आणि एवढंच विचारलं, "हे कुणी केलं?" ती ब्रन्सविक कंपनीची टायटलिस्ट होती. बायको ही गोष्ट अजूनही पाहुण्यांना माझ्यादेखत सांगते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की जुना क्यू मिळाला तर त्याला काही करू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि बाजूला ठेवा. पॉलिश पेपर नको, थिनर नको, नवं वॉर्निश तर नकोच.

टायटलिस्ट ही खरं तर पूल हॉलच्या भिंतीवरची, येणाऱ्या-जाणाऱ्याने वापरायची अखंड काठी. पण तिच्यातल्या दोन लाकडांचा जोड इतका पक्का असायचा की शिकागोचा हर्मन रॅम्बो आणि ब्रुकलिनचा जॉर्ज बालाबुश्का हे मोठे कारागीर ती मधोमध कापून, स्क्रूचा जॉइंट बसवून दोन तुकड्यांचा क्यू बनवत. बालाबुश्का रशियातून लहानपणी आलेला, लाकूडकामात मुरलेला माणूस. १९५९ मध्ये मित्रांना नाताळची भेट म्हणून त्याने क्यू केले, आणि १९७५ मध्ये वारला तोवर करतच राहिला. सोळा वर्षांत हजाराच्या आसपास. म्हणून आज त्याच्या क्यूची किंमत ऐकून आपण पाणी पितो.

आता सांध्याकडे, म्हणजे गडद लाकूड आणि मेपल यांच्या जोडाकडे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बघा, फुल स्प्लाइस नावाचा सांधा तसा असतो. बुडाचं गडद लाकूड चिरून त्याचेच भाले वर मेपलमध्ये घुसवतात. भाला आणि मूठ एकाच लाकडाची, त्यामुळे रेषा खालपर्यंत सलग जाते. शॉर्ट स्प्लाइस या दुसऱ्या प्रकारात मेपलला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा पाडून त्यात गडद लाकडाचे तुकडे चिकटवतात, मूठ वेगळी असते आणि तो जोड दोऱ्याच्या गुंडाळीखाली लपतो. शॉर्ट स्प्लाइस म्हणजे हलका माल, असं समजू नका. बालाबुश्काचे काही आणि पेनसिल्व्हेनियातला कारागीर गस झांबोटीचे नावाजलेले क्यू असेच आहेत.

बघायचं ते भाल्याचं टोक. खाच पाडून बसवलेल्या भाल्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार येतं. संगणकावर चालणारं कटर गोल फिरतं, त्यामुळे त्याने कोरलेल्या खाचेचं टोक भिंगाखाली किंचित बोथट दिसतं. साठच्या दशकातला म्हणून पुढे केलेल्या क्यूचे भाले असे बोथट असले, तर मी आभार मानून काठी परत ठेवतो. नख आडवं फिरवूनही बघा. स्वस्त क्यूवर भाले नुसते छापलेले किंवा चिकटवलेले असतात आणि वॉर्निश म्हातारं झालं की त्या चित्राची कड नखाला लागते. मात्र चारही भाले मिलिमीटरपर्यंत सारखे असावेत असा हट्ट धरू नका. हाताच्या कामात थोडं उणं-अधिक चालायचंच.

माझा खरा जीव अडकलाय तो पांढऱ्या भागांत. बॉलला लागणाऱ्या चामडी टिपखालची टोपी म्हणजे फेरूल, जॉइंट, बुडाचं झाकण आणि त्याच्या वरची पांढरी कडी. विली हॉपी या बिलियर्ड्सपटूवरून तिला हॉपी रिंगच म्हणतात. विकणाऱ्याच्या लेखी हे सगळं हस्तिदंतीच असतं. माझ्याकडे नाशिकहून आलेला आजोबांचा कॅरमचा हस्तिदंती स्ट्रायकर आहे, सायीसारखा पिवळट झालेला, आणि माझी नजर त्यावरच बसली. भिंगातून त्याच्या सपाट तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानी दिसतात, जाळीसारख्या. ही जाळी सुळ्याच्या आडव्या छेदावरच दिसते, उभ्या बाजूला नुसत्या लांबट रेघा. त्यामुळे फेरूलच्या बाजूकडे टक लावून काही हाती लागत नाही. क्यू उघडायला सांगा आणि जॉइंटचं तोंड बघा. जाळीऐवजी बारीक काळसर ठिपके असले तर ते हाड. एकसारख्या समांतर रेघा असल्या, जणू पट्टीने ओढल्यात, तर तो बहुतेक सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक.

सेल्युलॉइडची कथा तर या खेळाचीच. हस्तिदंती बॉल परवडेनात, तेव्हा १८६३ मध्ये फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सच्या साहित्यवाल्यांनी पर्याय शोधणाऱ्याला १० हजार डॉलर देऊ केले. जॉन वेस्ली हायट त्या नादी लागला आणि नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून त्याने सेल्युलॉइड केलं. पुढे त्याचा कारखाना आमच्याच नुअर्कमध्ये होता. तो कापूर अजून त्यात आहे. अंगठ्याने जोरात घासा, तापलं की लगेच नाकाला लावा. आरतीचं तबक पुढे आल्यासारखं वाटलं तर सेल्युलॉइड. बेकलाइट या दुसऱ्या जुन्या प्लॅस्टिकला असंच घासलं तर दवाखान्यातल्या फिनेलसारखा उग्र वास येतो. कुणी तापलेली सुई टोचून बघायला सांगेल, त्याचं ऐकू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं, आणि हस्तिदंत असलाच तरी त्याला कायमचा डाग पडतो. अतिनील टॉर्चखाली हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो, पण हाडही तसंच चमकतं आणि वरून वॉर्निश असेल तर काहीच खरं नाही. टॉर्च मी ठेवतो, निकाल मात्र भिंगावर देतो.

मायकार्टा हे आणखी एक. कागदाचे थर राळेत भिजवून, दाबून केलेलं. जुनं झालं की लोण्यासारखं पिवळसर होतं. मूळ मायकार्टाची फेरूल दिसली तर नवी पांढरीशुभ्र बसवायची दुर्बुद्धी होऊ देऊ नका, जाणकार त्या पिवळेपणाचेच पैसे देतात.

लाकडात एबनी, बर्ड्स आय मेपल, रोझवूड हे नेहमीचे. ब्राझिलियन रोझवूड आपल्या शिसवीचंच भावंड, मात्र जास्त लालसर, अंगात काळ्या नागमोडी रेषा. मुठीवरचा आयरिश लिनन म्हणजे मूळचा मासे पकडायच्या गळाचा दोरा. बोट फिरवलं की त्याचं सूत लागतं, नायलॉन घसरतं. चामडं, सरड्याचं कातडं, कॉर्क हेही भेटेल. लिनन मळकट असेल तर असू द्या. नव्या गुंडाळीखाली भेग लपवलेली मी दोनदा पाहिली आहे.

सरळपणा जेवणाच्या टेबलावर तपासू नका, पूलच्या टेबलावरच तपासा. दोन्ही तुकडे आधी वेगळे लोळवा, मग जोडून. शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता तुकडा, वाकडा असेल तर किमतीत घासाघीस करता येते, बट, म्हणजे मुठीकडचा तुकडा, वाकडा असेल तर सोडून द्या. जॉइंटजवळच्या रंगीत कड्या दोन्ही तुकड्यांवर जुळतात का बघा, नाही तर शाफ्ट दुसऱ्याच क्यूचा. टोकाशी साधारण १३ मिलिमीटर जाडी हवी. बारा किंवा कमी असेल तर कुणीतरी घासून घासून त्याचा जीव काढलाय.

नावाला भुलू नका. १९८६ च्या एका हॉलिवूडपटात बालाबुश्का म्हणून मिरवलेला क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीचा होता, आणि त्यानंतर खऱ्या बालाबुश्कांना मागणी आली ती आलीच. जपानच्या अॅडम कंपनीनेही बालाबुश्काच्या नावाने क्यू काढले. ते खेळायला छान आहेत, फक्त ते ब्रुकलिनचे नव्हेत. माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षं मोठ्या नावाच्या वाटेलाच जाऊ नका. ब्रन्सविकचे विली हॉपी क्यू, नाही तर इथल्याच एलिझाबेथ शहरात तेव्हा बनलेले पामर कंपनीचे क्यू घ्या. चूक झाली तरी घर विकावं लागणार नाही.

कायद्याचंही सांगतो. न्यू जर्सीत २०१४ मध्ये झालेल्या कायद्याने हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, मग वस्तू कितीही जुनी असो. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम आणखी आवळले, आणि प्रत्येक राज्याचं पुन्हा वेगळं. दुसऱ्या राज्यातून मागवायच्या आधी दोन्हीकडचे नियम वाचा. असा क्यू सुट्टीत भारतात नेऊन मामेभावाला दाखवायचा बेत असेल तर तो रद्दच करा. वन्यजीव कायद्याखाली हस्तिदंताचा धंदा तिथे केव्हाच बंद झालाय आणि कस्टमवाला तुमची हौस ऐकून घेणार नाही. ब्राझिलियन रोझवूडही १९९२ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, सीमा ओलांडायची तर कागद लागतात.

क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. उन्हाळ्यातली एक दुपार पुरते. सेल्युलॉइडचे भाग असलेले क्यू मी बंद पेटीत इतरांबरोबर ठेवत नाही. ते सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि शेजारच्या स्टीलच्या जॉइंटला गंज चढतो. महिन्यातून एकदा पेटी उघडून वास घ्या, नाकाला झोंबणारा आला तर तो क्यू लगेच वेगळा काढा.

हात बसवायचा तर सुपर बिलियर्ड्स एक्स्पो या प्रदर्शनाला जा. खिशात दहापट भिंग, छोटा टॉर्च, मऊ फडकं. पैसे घरी ठेवा. दिवसभर नुसते क्यू मागून घ्या, उघडा, तोंड बघा, परत द्या. "उघडून दाखवाल का?" म्हटल्यावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

माझी ती १५ डॉलरची टायटलिस्ट विकायच्या लायकीची राहिली नाही, म्हणून तळघरातल्या टेबलाशी असते. धाकटी तिनेच ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारते आणि खडू बुडालाही लावून ठेवते.